सिंकमागची ओल

गाड्यांच्या विम्याच्या कचेरीत एकतीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काढलेल्या या गृहस्थांना सगळे पाठीमागे अंगठेबहाद्दर म्हणत. खरं तर हे नाव द्यायचं ते लिहिता-वाचता न येणाऱ्याला, आणि हे साहेब तर पॉलिसीच्या पाठीवरचा बारीक मजकूरही चष्म्याशिवाय वाचणारे. नाव पडलं ते त्यांच्या कामाच्या रीतीमुळे. गाडी तपासायला गेले की साहेब आधी दार उघडून आत नाक घालत, वास घेत, आणि मग कोपऱ्याकोपऱ्यात अंगठा दाबत सुटत. राहायच्या गाड्यांत तर हमखास. कागदावर त्यांना मोटरहोम म्हणतात. आत झोपायला फळी, चहाला शेगडी, भांडी धुवायला सिंक, असा आटोपशीर संसार. अशा गाडीत पाणी खिडकीच्या चौकटीतून झिरपतं आणि भिंतीच्या आत बसून वर्षानुवर्षं लाकूड कुजवत राहतं. वरून रंग चकाचक असतो. अंगठा मात्र आत जातो.

त्यांचा दुसरा नियम चहाचा. तपासणी संपेपर्यंत गाडीवाल्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही. कप हातात आला की जीभ नरम होते, आणि जीभ नरम झाली की अहवालही नरम होतो. हाताखाली शिकायला आलेल्या एका मुलीला त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने ते इतकं मनावर घेतलं, की पुढे ती स्वतः वरिष्ठ सर्व्हेअर झाली तरी लोक तिला चहा विचारायला घाबरत.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःच एक राहायची गाडी घ्यायचं ठरवलं. हट्ट बायकोचा होता. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधलं होतं, आणि सुट्टीत साहेबांना हमखास कुणाचा तरी अपघात तपासायला जावं लागे. आता तिला असं घर हवं होतं, जे रोज सकाळी वेगळ्या खिडकीसमोर उभं राहील.

जुनी गाडी विकणारा होता एक दातांचा डॉक्टर. साहेबांचा धंदा कळल्यावर तो हात जोडून म्हणाला, "तुम्ही तर यातले जाणकार. तुमच्यापासून काय लपणार?" झालं. साहेब हरभऱ्याच्या झाडावर चढले. बायकोने तोवर आतली सगळी कपाटं उघडून पाहिली होती, बाकावर बसून पाहिलं होतं, आणि "इथे डबे राहतील, इथे माझी गादी" असं चालू केलं होतं. साहेबांनी टायर पाहिले, इंजिन ऐकलं, मान डोलावली. दारं-खिडक्या उघडून उन्हात वाळत घातलेल्या गाडीला वास कसला येणार? सिंकमागच्या कोपऱ्याकडे अंगठा वळलाही होता, पण विकणारा कौतुकाने बघत होता, आणि जाणकाराला दाबून बघायची गरज काय, असं वाटून साहेबांनी तो खिशात घातला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

मग दोघांनी गाडी सजवायला घेतली. बायकोने पडदे शिवले, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, भांडी खडखडू नयेत म्हणून मध्ये फडकी कोंबली. साहेबांनी पाण्याची टाकी धुतली, गॅसची नळी बदलली. शेवटी गळका नळ दुरुस्त करायला ते सिंकखाली शिरले आणि आधारासाठी भिंतीवर हात टेकला, तर अंगठा दुधात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. भिंत खिडकीपासून जमिनीपर्यंत कुजलेली होती.

साहेब तिथेच आडवे पडून राहिले. बाहेरून बायकोने विचारलं, "सापडलं का गळतंय कुठून?"

"सापडलं," साहेब म्हणाले, "वायसर गेलाय."

खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर त्यांनी पातळ प्लायचा तुकडा कापला, कुजक्या भागावर ठोकला, मलईच्या रंगाचा हात मारला. बायको आली आणि खूश झाली. "बरं केलंत, मला इथे टॉवेलला खुंटी हवीच होती," म्हणत तिने निळा टॉवेल टांगला. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी खुंटी आणखी घट्ट करून दिली.

विम्याच्या अर्जात एक प्रश्न होता: गाडीत पूर्वी किंवा सध्या ओल आढळली आहे काय? हा प्रश्न अर्जात घालायला पंधरा वर्षांपूर्वी साहेबांनीच भाग पाडलं होतं, वरिष्ठांशी भांडून. त्यांनी पेन उचललं आणि सुवाच्य अक्षरात 'नाही' असं लिहिलं. खरं लिहिलं तर आतल्या लाकडाचा विमा मिळणार नव्हता, हे झालं कागदी कारण. खरी भीती वेगळी होती. अंगठेबहाद्दर फसला, ही बातमी कचेरीत चवीने चघळली जाणार होती.

तपासणीला तीच आली, त्यांची शिष्या. मुद्दाम मागून घेतलं होतं म्हणे काम. "सरांची गाडी दुसऱ्या कुणाला बघू देणार होय?" ती हसत म्हणाली. दार उघडून आत आली, क्षणभर थांबली, मग वही काढून इंजिनाचा नंबर लिहायला लागली. साहेबांची बायको नव्या शेगडीवर चहा करूनच बसली होती. तिने कप पुढे केला. शिष्येने कपाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. आधी काम, एवढंच साहेबांनी म्हणायचं होतं. साहेब म्हणाले, "घे गं. घरचीच आहेस तू."

मग तिने कप घेतला.

चहा पिता पिता ती साहेबांच्या बायकोला म्हणाली, "काकू, नव्या लोकांना मी सरांची एक गोष्ट नेहमी सांगते. एका म्हाताऱ्या मास्तरांनी गाडीच्या भिंतीची ओल रंगाखाली लपवली होती. सरांनी क्लेम नाकारला. मास्तर म्हणाले, भीती वाटली हो. सर काय म्हणाले माहितीये? भीतीचा विमा आम्ही काढत नाही."

"असं बोललात तुम्ही म्हाताऱ्या माणसाला?" बायकोने विचारलं.

मास्तरांची लोंबती मान आणि बोटांना लागलेला पांढरा रंग साहेबांना लख्ख आठवला. शिष्या उठली, सिंकपाशी गेली. तिचा अंगठा वर आला, टॉवेलापाशी थांबला आणि खाली गेला. वहीत तिने लिहिलं: ओल नाही.

आठ दिवसांत पॉलिसी आली. बायकोने निघायची तारीख ठरवली. साहेबांनी एकदा बॅटरीचं निमित्त काढलं, एकदा पाठीचं. तिसऱ्यांदा बायको त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुम्हाला यायचं नाहीये का माझ्याबरोबर? तसं असेल तर सांगा."

हे मात्र साहेबांना सोसवलं नाही. त्यांनी तिला गाडीत नेलं, टॉवेल काढला, स्क्रू काढले, आणि तिचा हात धरून अंगठा त्या भिंतीवर टेकवला. सगळं सांगितलं. तिने टॉवेलाची नीट घडी घातली.

"विमावाल्यांना फसवलंत ते तुमचं तुम्ही निस्तरा," ती म्हणाली. "पण मी रोज इथे टॉवेल अडकवत होते आणि तुम्ही बघत होतात."

साहेब प्लायचा तुकडा बगलेत मारून तसेच कचेरीत गेले. जुने सहकारी खुर्च्यांतून उठून हसतमुखाने नमस्कार करत होते, आणि साहेब प्रत्येक नमस्काराबरोबर आणखी खाली बघत होते. शिष्येच्या टेबलावर त्यांनी तुकडा ठेवला.

"याच्यामागे ओल आहे. मला माहीत होतं."

तिने तुकड्याला हात लावला नाही. "मलाही माहीत होतं, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "आत शिरल्या शिरल्या वास आला. नाक तुम्हीच शिकवलंत की. मला वाटलं, तुम्ही सांगाल. मुद्दाम मास्तरांची गोष्ट काढली. मग अंगठा लावायचा माझाच धीर झाला नाही. लावला असता तर तुम्हाला खोटं पाडावं लागलं असतं."

साहेबांनी समोरची खुर्ची ओढून घेतली. आपली लबाडी आपल्यापाशीच आहे, एवढं एक समाधान त्यांनी जपलं होतं. एकतीस वर्षांत शिकवलेलं त्यांनी एका कपात बुडवलं होतं, आणि तेही शिष्येच्या हाताने.

तिने शिपायाकडून चहा मागवला. साहेब म्हणाले, "आधी लिही."

ती लिहू लागली. उलट्या बाजूनेही साहेबांना वाचता येत होतं. 'तपासणी पूर्ण न करता मी अहवाल दिला. चूक माझी आहे.'

"असं नको लिहूस," साहेब घाईने म्हणाले. "चूक माझी आहे. तसं लिही. माझ्यामुळे झालं."

"सर, हा माझा कागद आहे," ती म्हणाली, आणि खणातून त्यांचा अर्ज काढून पुढे सरकवला. "तुमचा हा."

साहेबांनी 'नाही' खोडलं आणि वर 'होय' लिहिलं. अक्षर मुळीच सुवाच्य आलं नाही. सही करताना त्यांनी विचारलं, "ती मास्तरांची गोष्ट... अजून सांगतेस का नव्या लोकांना?"

"गेल्या आठवड्यात दोघं नवे आले," ती म्हणाली. "नाही सांगितली."