सारूबाईच्या तोंडचं नाव

किस्से काही जमवावे लागत नाहीत. चर्चच्या दारात घंटेची दोरी धरून बसणाऱ्या माणसापाशी ते आपोआप येऊन पडतात, लोकांच्या चपला पडतात तसे. उपासना संपली की चपला ज्याच्या त्याच्या पायात जातात. किस्से मात्र तिथंच राहतात!

आमचं चर्च इंदापूरकडचं, पत्र्याचं. घरं थोडी, त्यामुळं सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. त्यातही दानियेल मिस्त्री आणि त्यांची बायको सारूबाई, या जोडप्याचे किस्से सगळ्यांत जास्त. मिस्त्री विहिरीवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचे. कन्हेरीपासून निमगाव केतकीपर्यंत कुठंही इंजिन अडलं की बोलावणं यांनाच. त्या फटफटाटात पुढं त्यांचा डावा कान पार गेला. उजवा तेवढा शाबूत राहिला.

*

त्यांचं लग्न लागलं तेव्हा इंग्रज होते. मी तेव्हाही दारातच होतो.

आमच्यात लग्नाची शपथ म्हणताना नवरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं. इकडं बायकांत समज असा, की नाव तोंडातून काढलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. म्हाताऱ्या पाळकांनी सांगितलं, “नाव घे, बाई.” सारू गप्प. परत सांगितलं. परत गप्प. बाहेर चुलीवर डाळ आटत चालली.

“नाव घेतल्याबिगर लग्न लागायचं नाही!” पाळक चिडले.

तेव्हा पदराआड ओठ हलल्यासारखे झाले. आवाज कुणालाच आला नाही. पाळकांनी नवरदेवाला विचारलं, “काय रे, तू ऐकलंस का?”

“व्हय जी,” दानियेल म्हणाला. “चांगलं खणखणीत ऐकलं!”

लग्न लागलं.

*

नंतर काही तिनं नाव घेतलं नाही. “अवं”, “आमचं हे”, एवढ्यावर संसार चालला होता. पण नवऱ्याचं नाव शास्त्रातलं, तिथं अडचण यायचीच.

एकदा बायकांच्या सभेत गोष्ट सांगायची पाळी सारूबाईवर आली. गोष्ट निघाली नेमकी शास्त्रातल्या दानियेलाची, सिंहांच्या गुहेतली. बाई जराही अडली नाही. म्हणाली, “मग राजा कावला आणि त्यानं आमच्या ह्यांना सिंहांच्या गुहेत टाकलं!”

बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. एकीनं विचारलं, “मग गं, सिंहांनी खाल्लं न्हाय व्हय?”

“कशाला खात्यात! अंगाला तेलाचा वास किती मारतोय ह्यांच्या!”

*

म्हातारे पाळक गेले, पुण्याकडून नवे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही. त्यांनी एका रविवारी सांगितलं, “नवऱ्यांनो, आपल्या पत्नीवर प्रेम आहे हे या आठवड्यात तिला दाखवून द्या.”

पुढच्या रविवारी दारातच मिस्त्रींना धरलं. “काय मिस्त्री, दाखवलंत का?”

“व्हय साहेब. तिच्या स्टोचं वायसर बदललं, पिन मारली. आता भडकत न्हाय.”

“अहो, पण तोंडानं काही बोललात की नाही?”

“मी कशाला बोलू? स्टो बोलतोय की दोन्ही वखताला!”

*

निमगावच्या बाजारात एकदा दोघांची चुकामूक झाली. बस लागलेली. एवढ्या गर्दीत हाक मारायची तर नाव कसं घेणार? आणि “अवं” म्हटलं तर निम्मा बाजार वळून बघणार.

सारूबाई सरळ पिठाच्या गिरणीत गेली. “भाऊ, इंजिन जरा बंद कर.”

“बाई, दळण चालू हाय!”

“घटकाभर कर रं बाबा.”

गिरणीवाल्यानं बंद केलं. लगेच मिस्त्री भाजीवाल्यांच्या पाट्या ओलांडत पळत आले. एक कान गेलेला, पण इंजिन थांबलेलं त्यांना पायाला कळायचं. धापा टाकत म्हणाले, “काय बिघडलं?”

“काय न्हाय,” सारूबाई म्हणाली. “चला, बस सुटंल.”

*

मग मिस्त्रींना चर्चचा पंच करायचं ठरलं. प्रभुभोजनाचा प्याला त्यांनी फिरवायचा. तर शिमोनराव उभे राहिले. हे आधीपासूनचे पंच, पहिल्या बाकावर बसणारे, लग्नालाही हजर असलेले.

“माझी हरकत हाय. त्या दिवशी बाई बोललीच न्हाय. मी हातभर अंतरावर होतो. दानियेल वेदीपुढं खोटं बोलला. खोटं बोलणाऱ्याच्या हातात प्याला?”

सगळ्यांनी मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्रींनी डावा कान पुढं केला आणि बसून राहिले.

पाळकसाहेबांनी तोड काढली. सुगीच्या उपासनेला सगळ्याच जोडप्यांनी शपथ परत म्हणायची, मोठ्यानं. झालं, मिटलं!

पण ते सारूबाईशी कुठं मिटलं होतं? त्याच पावसाळ्यात मिस्त्री छातीत कफ भरल्यानं महिनाभर अंथरुणाला होते. नुकते कुठं काठी टेकत फिरायला लागलेले. पाळकसाहेब समजूत काढायला घरी गेले, मी बरोबर होतो.

“नाव घेतल्यानं आयुष्य कमी होत नाही, बाई. हा खुळा समज आहे.”

ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचं खरं असंल, साहेब. पण नवरा माझा हाय.”

“मग मिस्त्री आयुष्यभर खोटे ठरतील, ते चालेल?”

तव्यावरची भाकरी करपली. तिच्या हातची करपलेली भाकरी मी तेवढी एकच पाहिली.

*

सुगीच्या उपासनेला चर्च दारापर्यंत भरलं. वेदीपुढं कणसांच्या पेंढ्या, वांगी, भोपळे. एकेक जोडपं पुढं जाऊन शपथ म्हणत होतं. यांची पाळी आली. मिस्त्रींनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि उजवा कान बायकोकडं येईल असे उभे राहिले.

सारूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आधी नवऱ्याच्या छातीकडं बघितलं, मग शिमोनरावांकडं.

“मी सारा,” ती म्हणाली, “तुमाला, दानियेल...”

पत्र्यावरची कबुतरं उडाली! शिमोनरावांच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. पुढची सगळी शपथ तिनं त्याच आवाजात म्हटली. मी दारात होतो, घंटेजवळ. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

पाळकसाहेबांना आनंद मावेना. हसत म्हणाले, “काय मिस्त्री, ऐकलंत ना?”

मिस्त्रींनी उजव्या कानामागं हात धरला.

“न्हाय बा,” ते म्हणाले. “परत एकदा म्हणाय सांगा.”