नोलीनची अकरावी पायरी

गेल्या वर्षीच्या २१ जूनच्या पानावर माझ्या डायरीत दोनच शब्द आहेत: "नोलीन रडली." तेहतीस वर्षांच्या शेजारात मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिचा नवरा पीट गेला त्या दिवशीसुद्धा ती कोरड्या डोळ्यांनी आलेल्यांना सँडविच वाढत होती. त्यामुळे त्या संध्याकाळी मी पेन उघडून तशीच बसून राहिले. पुढे काही सुचलंच नाही. आता लिहिते.

नोलीन व्हीन्स्ट्राचा जन्म यलूर्नचा, इथल्या ऑस्ट्रेलियातल्या कोळसापट्ट्यातल्या गावाचा. तिचं घर, शाळा, चर्च, सगळं कोळशासाठी खणून काढलं. आज तिथे खाणीचा खड्डा आहे. सतराव्या वर्षी ती वीजकेंद्रात टायपिस्ट म्हणून लागली आणि एकेचाळीस वर्षं तिने एकच काम केलं. यंत्र दुरुस्तीला घेण्याआधी कोणता स्विच पाडायचा, मग कोणता, कुलूप कुठे घालायचं, पाटी कुठे लावायची, हे सगळं क्रमाने लिहिलेला कागद असतो. तो कागद ती टाइप करायची. माझे यजमान त्याच केंद्रात इंजिनिअर होते. ते म्हणायचे, त्या कागदावर एक ओळ चुकली तर माणूस जळतो. तिथली पद्धत ठरलेली होती. एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने तीच पायरी परत म्हणून मग हात लावायचा, मग बरोबरची खूण. आणि एकदा असं तपासून घेतलेल्या कागदातलं एक अक्षर जरी बदललं, तरी सगळा कागद पहिल्यापासून पुन्हा तपासायचा.

पीट गेल्यानंतरच्या हिवाळ्यात काउन्सिलची जुनं सामान उचलायची गाडी येणार होती, म्हणून लोकांनी रस्त्याच्या कडेला गाद्या, खुर्च्या, टीव्ही काढून ठेवले होते. त्या ढिगातून नोलीनने टीव्हीला जोडून खेळायचा एक काळा जाडजूड गेमचा डबा उचलून आणला. मी तिच्याकडे घरी भाजलेले स्कोन द्यायला गेले तर जेवणाच्या टेबलावर विणकामाच्या लोकरीशेजारी तो डबा उघडा पडलेला, आणि नोलीनच्या हातात धूर सोडणारी सोल्डरिंगची कांडी. मी दारातच थिजले. मला वाटलं, दुःखाने बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

ती म्हणाली, "उभी काय राहिलीस, इंदू? तो दिवा जरा इकडे धर."

वीस-बावीस वर्षांपूर्वीचे हे डबे. त्यांच्यात घड्याळ चालू ठेवणारा एक छोटा कपॅसिटर असतो, तो म्हातारपणी पाझरतो आणि खालचा बोर्ड खातो. तो काढला, जुनी हार्ड डिस्क बदलून मोठी घातली, आतली मूळ व्यवस्था थोडी सैल केली, की डबा पुन्हा तरुण होतो आणि चकतीशिवाय गेम चालवतो. याला मॉडिंग म्हणतात. हे सगळं ती इंटरनेटवर वाचून शिकली; पण शिकता शिकता तिचा संताप झाला. एक जण एक सांगतो, दुसरा उलटं. निम्मी पानं दहा वर्षांपूर्वीची, त्यातले दुवे मेलेले. व्हिडिओत एखादा पोरगा भरभर बोलतो आणि नेमकं जे पाहायचं तिथेच त्याचा हात आडवा येतो. ती म्हणायची, यांना आमच्या कंट्रोल रूमच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं.

मग तिने स्वतःच लिहायला घेतलं. सव्वीस पायऱ्या. प्रत्येक पायरी एका वाक्याची, पुढे खुणेसाठी चौकोन. मी वाचायचे, ती परत म्हणायची आणि करायची. चार डब्यांवर चार वेळा तपासल्यावर तिने ते पान लोकांसाठी इंटरनेटवर टाकलं. नाव दिलं नाही, नुसतं 'टायपिस्ट'. नऊ वर्षांत त्या पानाचं नाव झालं. कुणी नवखा कुठेही विचारायला आला की जाणते लोक त्याला सांगत, बाकी काही बघू नकोस, टायपिस्टचं पान घे. आभाराची पत्रं येत, बहुतेक "भावा" अशी सुरू होणारी. ती मला वाचून दाखवायची आणि "तुमचा भाऊ" अशी सही करून उत्तर द्यायची.

जूनमध्ये बोल्स क्लबवर, हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाला, विल्फ अझोपार्डी भेटला. शेजारच्या मोई गावात राहणारा, वीजकेंद्रातला निवृत्त ऑपरेटर, दर शनिवारी खेळायला येणारा. त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याच्या बायकोची, रीटाची, कंबरेची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती रोज दुपारी गेमच्या डब्यावर गोल्फ खेळायची. सहा वर्षांचे तिचे गुण त्यात साठवलेले होते. आतली डिस्क करकरायला लागली म्हणून विल्फने ती बदलायचं ठरवलं, इंटरनेटवर शोधून एक माहिती छापून घेतली, अक्षरशः तसंच केलं, आणि डबा मेला. त्या माहितीवर त्याने विश्वास का ठेवला, असं मी विचारलं. तो म्हणाला, आपल्या जुन्या कागदांसारखी लिहिली होती ना, पायरी, चौकोन, पायरी, चौकोन. वाचूनच बरं वाटलं.

मी नोलीनला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, विल्फने काहीतरी वगळलंय, बोलाव त्याला.

एकवीस तारखेला दुपारी तो आला, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला डबा, हातात कागद. टायपिस्ट कोण हे त्याला तिथे आल्यावर कळलं. त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तरीच. स्वल्पविराम कसे जागच्या जागी होते."

त्याच्या कागदावर सतरा चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या. अठराव्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: लाल दिवा, थांबलो. कंट्रोल रूममध्ये असंच लिहीत.

नोलीनने कपाटातून आमची तपासलेली पहिली प्रत काढून माझ्या हातात दिली. त्याने वाचायचं, तिने परत म्हणायचं, असं ठरलं. दहा पायऱ्या बिनचूक जुळल्या. नोलीनच्या आवाजात थोडी ऐट येऊ लागली होती.

"अकरा," विल्फने वाचलं. "जुनी डिस्क बाहेर काढा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी दहा."

"दहाच्या नंतर, अकराच्या आधी. नीट वाच, विल्फ."

"नोलीन, काही नाहीये तिथे. हे बघ ना."

तिने कागद घेतला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या हातातल्या प्रतीत अकरावी पायरी अशी होती: डब्याची किल्ली आणि साठवलेले सर्व खेळ संगणकावर उतरवा, फाइल उघडून डोळ्यांनी पाहा, आणि त्याच किल्लीने नव्या डिस्कला कुलूप लावा. ही किल्ली म्हणजे काही आकड्यांची एक ओळ. प्रत्येक डब्याची वेगळी. डिस्कला त्याच किल्लीचं कुलूप नसेल तर डबा तिला ओळखतच नाही. विल्फच्या कागदावर ही पायरी नव्हती. त्याच्या पायऱ्या पंचवीस होत्या.

त्याने जुनी डिस्क परत बसवूनही पाहिली होती. तिने दोनदा टकटक केलं आणि ती कायमची थांबली.

नोलीन खुर्चीत बसली. मग तिला आठवलं, ते ती मान खाली घालून बोलली. आधीच्या वर्षी फेब्रुवारीत कुणीतरी लिहिलं होतं, पान फार लांबलंय, जरा कमी करा. मी तेव्हा पर्थला लेकीकडे होते. नोलीनने एका दुपारी बसून दोन पायऱ्यांची एक करायला घेतली, एक खोडली, दुसरीत ती घालायची राहिली. वाचून तपासायला कुणी नव्हतं, आणि एवढ्याशा बदलाला काय तपासायचं, असं वाटून तिने ते तसंच टाकलं. एकेचाळीस वर्षांत जे केलं नाही, ते त्या दुपारी केलं.

तिने संगणक उघडला. त्या फेब्रुवारीपासून ते पान चार हजार एकशे ऐंशी वेळा उघडलं गेलं होतं.

"इतके डबे," ती म्हणाली, आणि रडायला लागली. हात तोंडावर न घेता, सरळ बसून. मला काय करावं ते कळेना. विल्फला तर मुळीच नाही. त्याने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"अगं, डबाच आहे," तो म्हणाला. "माणूस मेला नाही."

"माझ्या कागदावर माणसं उभी असायची, विल्फ."

त्याने टॉवेल खाली ठेवला आणि डबा तिच्यापुढे सरकवला.

चार दिवसांनी विल्फचा डबा सुरू झाला. नोलीनने आतल्या चिपला केसाएवढ्या बारीक तीन तारा जोडल्या आणि किल्ली थेट तिथून वाचून घेतली. मी वाचत होते, ती परत म्हणत होती. हिरवा दिवा लागला. रीटाचे सहा वर्षांचे गुण मात्र गेले ते गेलेच. नोलीनने तिला फोन करून माफी मागितली. रीटा म्हणाली, मी काही फार चांगलं खेळत नव्हते, गेलं ते बरंच झालं. पण हे विल्फला सांगू नकोस, मी दुःखात आहे म्हणून तो सध्या स्वयंपाक करतोय.

पण नोलीनच्या डोक्यात चार हजार एकशे ऐंशी होते. कुणाकुणाचे डबे तिच्यामुळे असेच बंद पडले असतील, आणि ते लोक स्वतःलाच दोष देत बसले असतील. मी तिला सांगितलं, गुपचूप ती पायरी परत घाल, टायपिस्ट कोण हे कुणाला माहीत आहे? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला स्वतःचीच लाज वाटली. हे मी डायरीत लिहिलं आहे, म्हणून इथेही लिहिते.

तिने पानाच्या अगदी वर लिहिलं: मी नोलीन व्हीन्स्ट्रा, वय एकोणसत्तर, मॉरवेल. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या हातून अकरावी पायरी गळली. मी न तपासता बदल केला. हे पान वापरून ज्यांचा डबा बंद पडला असेल त्यांनी तो मला पाठवावा, मी चालू करून परत पाठवीन. खाली पूर्ण पत्ता. मग तिने जेवणाचं टेबल रिकामं केलं, भिंतीशी दोन फळ्या लावल्या आणि येणाऱ्या डब्यांची वाट पाहू लागली.

पत्रं आली. पहिल्या दिवशी साठ, आठवड्यात तीनशेवर. भाऊ म्हणून ज्याला लिहीत होतो ती एकोणसत्तर वर्षांची बाई आहे, याचाच निम्म्यांना धक्का बसला होता. डबा बंद पडल्याची तक्रार मात्र एकाचीही नाही. नोलीनला आधी हायसं वाटलं, मग ती बुचकळ्यात पडली. पायरी नव्हती, तर यांचे डबे वाचले कसे? तिने एकेकाला विचारायला सुरुवात केली.

उत्तरं मी वाचून दाखवत होते. एक जण म्हणाला, चित्रं बघितली, मजकूर कोण वाचतं. दुसरा म्हणाला, व्हिडिओ बघून केलं, तुमचं पान नुसतं शेजारी उघडं ठेवलं होतं, आधार वाटतो. तिसऱ्याने किल्ली नेहमीच्या सवयीने आधीच काढून ठेवली होती. आणि जो गृहस्थ सात वर्षं येईल त्याला हे पान सुचवत होता, त्याने लिहिलं होतं: याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, पण खरं सांगू का, मी ते पूर्ण कधी वाचलेलं नाही.

बॅलराटहून एकच डबा आला. त्याचा दोष वेगळाच होता: कपॅसिटरने पाझरून बोर्ड खाल्ला होता. तो आधी काढा, हे आठव्या पायरीत लिहिलं होतं.

त्या दिवशीचा नोलीनचा चेहरा मी विसरणार नाही. रडली त्या दिवशीपेक्षाही वाईट. बॅलराटचा तो एकटा डबा तिने रिकाम्या फळीवर ठेवला.

"म्हणजे ती पायरी होती तेव्हाही कुणी वाचली नव्हती," ती म्हणाली.

"विल्फने वाचली असती," मी म्हटलं. "त्या एकट्याने."

"आणि मी त्यालाच बुडवलं."

तिने पान काढून टाकायचं ठरवलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं. तसं न करता शनिवारी सकाळी तिने विल्फला फोन केला. सव्वीसच्या सव्वीस पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून तपासायच्या, पण या वेळी हात विल्फचे. नोलीनने टेबलाच्या टोकाला बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. विल्फ येताना जॅम ड्रॉप बिस्किटं घेऊन आला, रीटाने नव्हे, त्याने स्वतः केलेली, खालून करपलेली. बॅलराटचाच डबा घेतला. तो पुन्हा चालू झाला असता की नाही कोण जाणे, पण स्क्रू तरी होते.

मी चौथी पायरी वाचली: डावीकडचा स्क्रू आधी काढा. विल्फ थांबला. डब्याकडे पाहिलं, डबा फिरवला, परत पाहिलं.

"डावीकडचा म्हणजे कुणाच्या डावीकडचा? माझ्या की डब्याच्या?"

नोलीनने तोंड उघडलं आणि मिटलं. मीच विचारलं, मागच्या वेळी कसं केलं होतंस?

"दोन्हीकडून काढून बघितले. विचारायला कुणी नव्हतं तिथे."

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नोलीनने कानावरची पेन्सिल काढली, कागद स्वतःकडे ओढला आणि चौथी पायरी खोडून नवी लिहिली. मग माझ्याकडे कागद सरकवून म्हणाली, "पहिल्यापासून वाच."

मी पहिल्यापासून वाचायला लागले.