दक्षिणेकडे तोंड

मी नेहरू नगरात लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढते. "ओटा पूर्वेलाच पाहिजे हं," असं गिऱ्हाईक म्हणालं की माझं डोकं सणकतं. हाताखाली शिकायला येणारी नवी पोरं मला समजावतात, मॅडम, आहे त्यालाच प्रश्न विचारला की नवीन काही सुचतं. सुचतं ना बाबांनो, का नाही सुचणार? पण तो प्रश्न पुढे मानगुटीवर बसतो, ते कोणी शिकवत नाही. आमच्या घरात तो एकदा विचारला गेला, आणि अजून उतरलेला नाही.

आम्ही तेव्हा बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा क्लार्क, आई भंडाऱ्याकडची, मी, आणि माझ्याहून लहान भाऊ. भावाला फिट यायची. लाइनीतली सगळी क्वार्टरं एका साच्यातली होती. स्वयंपाकघराचा ओटा पूर्वेच्या भिंतीला चिकटलेला, तोंडासमोर नुसता चुना. बाहेरची खोली दक्षिणेला, दारापलीकडे, उजव्या हाताला नजरेआड.

एका दुपारी मी शाळेतून आले तर भाऊ खोलीत पडलेला. तोंडाला फेस, जीभ चावून रक्त आलेलं. आणि आई भिंतीपलीकडे निवांत पोळ्या शेकत होती. पंपाचा स्टोव्ह भरभरायला लागला की घरात ढोल बडवला तरी ऐकू येत नसे. तो केव्हापासून पडला होता कोण जाणे. मी किंचाळले तेव्हा तिनं मागे पाहिलं.

भाऊ सावरला. संध्याकाळी बाबा चहा पीत होते, तर आई ओट्याकडे बघत म्हणाली, "मी भिंतीकडे तोंड करून काहून उभी राहू?"

"आता हे काय नवीन? सगळ्याच क्वार्टरीत तसंच हाये."

"मी सगळ्याईचं नाही विचारून राहिली. माह्यं विचारून राहिली."

ओट्याला हात लावला तर क्वार्टर जाईल, म्हणून बाबा चिडले. बिचारे जन्मभर साहेबाला भिऊन जगले. आई म्हणाली, "फोडून कोण राहिलं त्याले? राहू द्या तिथंच."

आणि तिनं खरंच काही फोडलं नाही. ओट्यावर पाण्याचे गुंड भरून ठेवले, स्टोव्ह खाली जमिनीवर आणला, दाराजवळ पाट टाकला आणि खोलीकडे तोंड करून बसली. मग स्टोव्ह पेटवून मला म्हणाली, "जा, त्याच्या जागी पड बरं. आवाज नको करू." मी पडले. पुन्हा कोपऱ्यात पडले, पलंगाच्या आड पडले. जिथून दिसत नव्हते तिथला पलंग तिनं सरकवला. भाऊ हसून हसून बेजार. "अवं, मी असा नाही पडत!" म्हणाला, आणि मला बाजूला सारून स्वतः पडून दाखवलं. ते हसू मला अजून ऐकू येतं. मला नको असतं, तरी येतं.

शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी दारात. "बाप्पा! दक्षिणेकडे तोंड करून सैपाक? यमाची दिशा हाये ते!"

आई पोळी उलटत म्हणाली, "पूर्वेले भिंत हाये बाई. माह्यं पोरगं दक्षिणेले हाये."

काकू फणकारून गेल्या. पण लाइनीतल्या दोन लेकुरवाळ्या बायांनी गुपचूप आपापले स्टोव्ह खाली उतरवले. पुढे भावाला फिट आली तेव्हा त्याचं डोकं फरशीवर आपटायच्या आत आईचा हात तिथं पोचला होता. त्याच्या कानाला लागलेलं ओलं पीठ मी नंतर पुसलं.

तो गेला उन्हाळ्यात, मामाच्या गावी. सकाळी पोरांबरोबर तलावावर गेला, पाण्यातच फिट आली. आई त्या वेळी मामाच्या घरी चुलीपाशी बसली होती. तिथं चूल रीतीप्रमाणे मांडलेली, बसणारीचं तोंड पूर्वेला.

आम्ही परतलो तर काकू साऱ्या लाइनीत सांगत होत्या, "मी म्हटलं होतं ना." त्या दोघी बायांनी स्टोव्ह परत ओट्यावर चढवले. अरे, त्या सकाळी आईचं तोंड पूर्वेकडेच होतं! दारोदार जाऊन ओरडावंसं वाटायचं मला. इतका राग आला होता, की रडूसुद्धा येईना.

तेरवी झाली. बाबांनी ओट्यावरचे गुंड उतरवले, स्टोव्ह उचलून तिथं ठेवला. म्हणाले, "आता तरी नीट राहू." पाहुणे गेल्यावर आईनं स्टोव्ह खाली आणला, दाराजवळ ठेवला, पाटावर बसली. समोर रिकामी खोली. पोळी लाटता लाटता मान वर, पुन्हा पोळी, पुन्हा मान वर. मला ते बघवेना.

"आई, आता कोणाकडे पाहून राहिली?"

"तो होता तवा मी लई दिवस भिंतीकडे पायलं," ती म्हणाली. "आता गेला म्हणून तोंड फिरवू काय त्याच्याकडून?"

मग पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "जा, पुस्तक घेऊन तिथं बस जरा."

मी त्याच्या जागी जाऊन बसले. मग रोजच बसू लागले, क्वार्टर सोडेपर्यंत. स्टोव्ह भरभरत असायचा, ती मान वर करायची, आणि दर वेळी आधी तिचा चेहरा उजळायचा, मग तिला मी दिसायचे.