दगडावरच्या खुणा

आमचे मोठे काका मोजणी कार्यालयात नकाशे काढत. हात इतका स्थिर, की पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचे. पण त्यांची ओळख त्या हातामुळे झाली नाही. गावभर ते ‘खाणवाले’ म्हणून माहीत होते. डोंगरात सोन्याची जुनी खाण आहे, ती एका गुप्त मंडळाने बुजवली आणि तिची वाट दगडांवर कोरून ठेवली, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

जुना पूल, पाण्याची टाकी, न्यायालयाच्या पायऱ्या, जिथे घडीव दगड दिसेल तिथे काका गुडघे टेकत. कुठे त्रिकोण, कुठे बाण, कुठे नुसती टिंबं. प्रत्येक खूण वहीत जशीच्या तशी उतरवायची आणि घरच्या नकाशावर टाचणी टोचायची. बावीस वर्षांत चारशेच्या वर खुणा झाल्या.

काकू म्हणायची, “मुलगा नोकरीत आहे एवढंच सांगितलं होतं आम्हाला. दगडांच्या नादी लागलाय, हे कोणी बोललं नाही.”

रविवारी त्यांच्यासारखेच तिघे-चौघे पुढच्या खोलीत जमत. त्यात औषधांच्या दुकानाचा मालक सगळ्यात कडवा. बाणांची दिशा जुळली नाही की म्हणे, “मुद्दाम चुकवलीय! लपवणारा सरळ सांगेल का?” जुळलं तरी पुरावा, नाही जुळलं तरी पुरावाच.

मग एका वर्षी पुलाचा कठडा ढासळला आणि दुरुस्तीला एक म्हातारा पाथरवट आला. काका पाहत उभे होते. त्याने नवा दगड घडवला आणि कोपऱ्यात छिन्नीने अर्धवर्तुळ कोरून त्यावर आडवी रेघ मारली. काकांनी तिथेच गुडघे टेकले.

“ही खूण कोणी शिकवली तुम्हाला?”

“वडिलांनी. त्यांचीही हीच, खाली एक टिंब जास्त.”

“म्हणजे तुम्ही त्या मंडळातले?”

“कसलं मंडळ? दहा जण कामाला असले की कोणता दगड कोणाचा, हे कळायला नको? वाकडा निघाला तर शिव्या कोणाला घालायच्या?”

काका घरी आले आणि नकाशासमोर बसून राहिले. “बावीस वर्षं मी हजेरीपट वाचत होतो गं,” ते म्हणाले. त्या दिवशी काकूने टोमणा मारला नाही.

महिनाभर त्यांनी वहीला हात लावला नाही. मग एक दिवस ती काखेत मारून पाथरवटाकडे गेले. त्याने पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट थांबवलं.

“आमचीच खूण. पण दोन टिंबं... म्हणजे आजोबा. हा दगड कुठे आहे?”

“पाण्याच्या टाकीला. उत्तरेची भिंत, खालून तिसरा थर.”

दोघे लगेच निघाले. म्हाताऱ्याने दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “जन्मभर या वाटेने गेलो,” तो म्हणाला, “आणि खाली पाहिलं नाही.”

त्यानंतर काका पाथरवटांच्या घरोघरी वही घेऊन हिंडले. सहा वर्षांत साठेक खुणांपुढे माणसांची नावं लागली.

औषधवाल्याने येणं बंद केलं. “खाणवाल्यांना मंडळाने फोडलं,” असं तो सगळ्यांना सांगत सुटला. आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. त्याची समजूत काढायला दोनदा त्याच्या दुकानात गेले. तो गिऱ्हाइकाशी बोलत राहिला, आणि काका परत आले.