पुराची रंगीत तालीम

लग्न होऊन मी दिघोरीकडच्या आमच्या गावात आले, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. गाव चुलबंद नदीच्या काठाला. आदल्या पावसाळ्यात नदी खालच्या मोहल्ल्यात शिरून गेली होती. म्हणून उन्हाळ्यात तलाठी येऊन सांगून गेले की सरकारतर्फे गावात पुराची रंगीत तालीम होणार आहे.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, त्यातले 'रंगीत तालीम' एवढे दोनच शब्द ऐकले. दर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावात नाटक व्हायचं आणि त्यात ते काम करायचे. तरुणपणी नायिका, मग नायक, आणि आता मरणारा बाप. मरायला ते इतका वेळ घेत की प्रेक्षकांतली पोरं एक झोप काढून उठायची. त्यांनी तलाठ्यांना पहिलाच प्रश्न विचारला, दिग्दर्शक कोण आहे. तलाठ्यांनी समजावलं. पूर आलाय असं समजायचं, एकानं छपरावर अडकून बसायचं, बाकीच्यांनी त्याला नावेतून शाळेत न्यायचं. बोलायचं काही नाही. मामाजी म्हणाले, छपरावरचा माणूस मी. बोलायचं नाही, हे बहुधा त्यांच्या कानावर पडलंच नाही.

तालमीच्या दिवशी नदीत घोटाभर पाणी होतं. तहसिलीतून आलेली नाव शेवटी बैलगाडीवर चढवून आमच्या गोठ्यापाशी आणली. नायब तहसीलदार जीपमधून उतरले. बायका सकाळपासूनच चटया टाकून जागा धरून बसल्या होत्या. मामाजी ठेवणीतला कोट घालून शिडीला लागले, तेव्हा मी विचारलं, एवढ्या उन्हात कोट कशाला? पूर सांगून येते का, म्हणाले, अंगावर असंल तेच असंल.

नायब तहसीलदारांनी भोंग्यातून त्यांना नावेत यायला सांगितलं. मामाजी छपराच्या कवेलूंवर उभे राहिले. रंगमंचावर त्यांची बोली बदलायची, तशीच ती तिथंही बदलली.

"साहेब, ज्या घरात माझ्या बापानं डोळे मिटले, ते सोडून मी जाऊ कुठे?"

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या शेजारी उभ्या सासूबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "यायचा बाप नागपूरच्या दवाखान्यात मेला. अन् हा तं गोठा आहे."

मामाजी थांबेनात. नदीला आई म्हणून झालं, मग वैरीण म्हणून झालं. मागून कुणी तरी वन्समोर दिला आणि त्यांनी तो मनावर घेतला. नायब तहसीलदार आधी कौतुकानं ऐकत होते. मग त्यांनी भोंगा खाली ठेवला आणि ते जीपच्या सावलीत जाऊन बसले. तलाठ्यांनी सासूबाईंना हात जोडले. त्या शिडीपाशी गेल्या.

"अजी, उतरा आता. भात थंडा होऊन राहिला."

त्यांना नाटकातलंच उत्तर द्यायला मामाजी वळले, एक पाऊल मागं टाकलं आणि कवेलू फोडून गोठ्यात गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण हेही बसवलेलंच आहे असं सगळ्यांना वाटलं. मग आतून साध्या बोलीत आवाज आला, की पाय गेला माझा. वैरणीवर पडले म्हणून थोडक्यात निभावलं, घोटा तेवढा मुरगळला. जीपमध्ये त्यांना आडवं निजवता येईना आणि दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी जुंपलेली नव्हती, म्हणून त्यांना नावेतच निजवलं आणि नावेसकट बैलगाडी निघाली. दुतर्फा माणसं उभी होती. मामाजी आडव्यानंच दोन्ही बाजूंना हात जोडत गेले.

छपराचं काय, असं सासूबाईंनी विचारलं. तलाठी ओशाळून म्हणाले, पुरानं पडलेल्या घराला मदत मिळते, तालमीनं पडलेल्याला मिळत नाही.

पोळ्याच्या आधी खरंच पाणी आलं. दवंडी फिरताच खालचा मोहल्ला उजेड असतानाच शाळेत आला. कुठून कसं जायचं, ते सगळ्यांनी पाहून ठेवलं होतं. एकटी राहणारी एक म्हातारी मात्र बकऱ्यांसकट घरात बसून राहिली. नाव गेली तशी रिकामी परत आली. मामाजी अजून लंगडत होते, तरी नावेत जाऊन बसले. आता हे तिथं भाषण करतील आणि तोवर पाणी छातीला लागेल, या विचारानं मी शाळेच्या पडवीत नुसती येरझारा घालत होते.

पुढचं मला नाववाल्यानं सांगितलं. मामाजी तिच्या उंबऱ्यावर, पाण्यातच बसले. मग म्हणाले, "काकी, मले बी भेव लागून राहिलं. चाल, संगं जाऊ."

तिनं एक बकरी त्यांच्या हातात दिली आणि दुसरी घेऊन ती स्वतः नावेत चढली.

मामाजी परत आले तेव्हा बकरी अजून त्यांच्या हातातच होती. सासूबाईंनी त्यांच्या अंगावर सरकारी घोंगडी टाकली.

पाणी ओसरलं तेव्हा म्हातारीच्या घराची भिंत गेलेली होती. पंचनामा झाला, बांबू आणि बल्ल्या मिळाल्या, आणि गावानं तिचं घर वरच्या अंगाला उभं करून दिलं. तोवर ती शाळेतच राहिली. सरकारची खिचडी अळणी असते म्हणून तिनं पहिल्याच दिवशी आचाऱ्याच्या हातातला झारा काढून घेतला होता. नायब तहसीलदार पाहणीला आले, तर त्यांनाही तिनं पंगतीत बसवलं, नको नको म्हणताना पुन्हा वाढलं, आणि ते जेवत असताना समोर बसून त्यांच्या आईची तब्येत विचारत राहिली.