पेट्रोलनं धुतलेली पँट

परवा आरमोरीच्या पंपावर स्कूटरची टाकी उघडली, तशी बायकोनं नाकाला पदर लावला आणि भाव बघून मी कपाळाला हात लावला. पण तो वास आला आणि मी मनानं थेट लग्नाआधीच्या कुरखेड्याला, तिच्या बाबांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

तेव्हा पेट्रोल एवढं स्वस्त, की आम्ही त्यानं कपड्यांचे डाग काढायचो. मुलगी बघायला निघालो आणि माझ्या एकुलत्या एका चांगल्या पँटला मोटरसायकलच्या चेनचं ग्रीस लागलं. टाकीतलंच पेट्रोल काढून मी पँट चोळचोळून धुतली, आणि तशीच ओली घालून जाऊन बसलो.

आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी बिडी. तिच्या बाबांनी बंडल पुढे केलं, "घ्या पाव्हणे," म्हणाले आणि काडी ओढली. मी पेटायच्या भीतीनं टुणकन उडी मारून अंगणात! त्यांनी काडी विझवून बोलावलं, मी बसलो. त्यांनी पुन्हा काडी ओढली, मी पुन्हा अंगणात.

बाबा मात्र खूश. "मोठ्यायसमोर बिडीच्या काडीजवळबी बसत नाई. असा पोट्टा कुठी भेटन?" म्हणत त्यांनी लग्न पक्कं केलं.

पंपावर मी बायकोला म्हटलं, "तुझे बाबा साफ फसले बघ."

ती पदराआडून म्हणाली, "बाबाचं सोडा. एवढा वास येऊन राह्यला व्हता, मले वाटलं पोट्ट्याचा पेट्रोल पंपच असन. नाई त मी हो कायले म्हटलं असतं?"