आत्याच्या पश्चात

आमची आत्या वारली त्या सकाळी ती जुळे सोलापुरातल्या आपल्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होती.

तिच्या निधनाला मी जबाबदार आहे. आत्या एके काळी भारताच्या महिला संघाची वेगवान गोलंदाज होती. एका सामन्यात तिनं चार गडी बाद केले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ते चारही भलतीच्याच नावावर छापून आले. तेव्हापासून पेपर म्हटलं की तिचं डोकं फिरतं. (भाचा पत्रकार झाल्याचं ती पाहुण्यांना सांगत नाही.) "एकदा तरी माझ्याबद्दल बरोबर छापा," एवढीच तिची मागणी.

मी ठरवलं, आपण छापायचं. सत्तरी ओलांडलेल्या नामवंतांचे मृत्युलेख आमच्या पेपरात आधीच लिहून ठेवतात. माणूस ठणठणीत असला तरी! तारखेची जागा तेवढी मोकळी सोडतात. आत्याचा लेख लिहून मी प्रत्येक आकडा दोनदा तपासला. नातलगांची यादी राहिली होती, म्हणून टेंभुर्णीला नानांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, फोन लावला.

"नाना, आत्याच्या पश्चात कोण कोण धरायचं?"

तेवढ्यात संपादकांनी हाक मारली. "नंतर बोलू," म्हणून मी फोन ठेवला आणि मीटिंगमध्ये तो बंदच केला.

मीटिंग दोन तास चालली. तोवर नाना जीप भरून निघाले होते. वाटेत त्यांनी माळशिरसला कळवलं आणि माळशिरसनं उरलेल्या जिल्ह्याला.

जीप आत्याच्या फाटकाशी थांबली आणि बायकांनी एकदम हंबरडा फोडला. आत्या ताट हातात घेऊनच बाहेर आली.

"कोण गेलं गं?"

नानांची सून पुढं होती. पदर डोळ्यांना तसाच. "तुमी की, आत्याबाई."

फोन सुरू केल्यावर मला कळलं. मी पोचलो तेव्हा मंडळी चहा पीत होती आणि हार खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. (एवढा मोठा हार तिला खेळत असताना कुणी घातला नव्हता!) आत्यानं मला काही विचारलं नाही. लेख मागितला आणि सुनेला मोठ्यानं वाचायला लावला.

सून मध्येच थांबली. "तुमी देशाकडनं खेळला व्हय? मला वाटलं, तुमी बँकेतच होता."

"बँकेनं नाव तरी बरोबर लिहिलं," आत्या म्हणाली.

रडायला आलेली मंडळी मग दुपारपर्यंत एकेक विकेट विचारून ऐकत बसली. आत्यानं अंगणात रनअप घेऊन दाखवला. माळशिरसची गाडी उशिरा आली, त्यांच्यासाठी पुन्हा घेतला.

नंतर तिनं चष्मा लावून लेख स्वतः वाचला. आकडे बरोबर, चारही गडी तिच्याच नावावर. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, 'भाच्यालाही त्यांनीच वेगवान गोलंदाज म्हणून घडवलं.' तिनं पेन मागितलं.

"तुझा चेंडू माझ्यापर्यंत पोचायचाच नाही रे. मीच चालत जाऊन घेऊन यायचे."

ओळ खोडून तिनं कागद परत दिला. आता लेख अगदी बिनचूक आहे. मी तेवढा त्यात नाही.